पानाचा रकाना

सांता रीता देल मोन्ते,
९ फेब्रुवारी २०१४

लिबार्दो,

आशीर्वाद आधीच घेऊन टाक. पत्राच्या शेवटापर्यंत द्यायची इच्छा राहील की नाही, सांगता येत नाही.

तुमच्या अन्न-औषध खात्याचं पत्र आलं. कारखान्याची नोंदणी जूनअखेर नव्याने करायची, आणि या खेपेला कागदावर नाही, संगणकावर. चौकातल्या इंटरनेटच्या दुकानात अख्खी सकाळ घालवली. मालकाचं नाव, भट्ट्या किती, कढया कशाच्या, पेरू कुठला, साखर कुठली, सगळं भरलं. मग आला ‘वेष्टन’ नावाचा रकाना. त्यात आपण लिहायचं नाही, त्यांनी दिलेल्या यादीतून उचलायचं. काच, पत्रा, पुठ्ठा, कागद, सात-आठ जातीचं प्लास्टिक, कापूस, चामडंसुद्धा. चामड्यात कोण काय खायला गुंडाळतं ते देवाला ठाऊक. पण पान नाही. माझ्या सासूच्या सासूपासून आमची पेरूची वडी केळीसारख्या बिहाओच्या पानात गुंडाळली जाते, आणि तुमच्या यादीला पान म्हणजे काय तेच माहीत नाही.

रकाना रिकामा सोडला तर लाल अक्षरात ओरडतो. खात्यात फोन केला. एक बाई म्हणाली, सगळ्यात जवळचं निवडा. मी विचारलं, पानाच्या सगळ्यात जवळचं काय? ती म्हणाली, ते तुम्ही ठरवायचं.

तर तू ठरव. तू तिथे सातव्या मजल्यावर बसतोस आणि याच याद्या बनवतोस, असं तूच नाताळात सांगत होतास. फोन करू नकोस. फोनवर तू ‘बघतो’ म्हणतोस आणि ते हवेत जातं. लिहून पाठव, एलिएसेरच्या बसने. त्याच्याच हाती वड्यांचे दोन खोके देते आहे. एकटा खाऊ नकोस, वाढलाच आहेस पुरेसा.

तुझी आत्या
बेत्साबे

ता.क. तुझ्या धर्ममातेने, कुस्तोदियाने, या वर्षी पानाची लागवड वाढवली आहे. ओढ्यापलीकडचा तुकडाही घेतला. म्हणते, लिबार्दो खात्यात आहे म्हटल्यावर काळजी कसली.


बोगोता,
२० फेब्रुवारी २०१४

आत्या,

आशीर्वाद पोचला, खोकेही. दुसरा खोका समितीच्या बैठकीत उघडला आणि क्षणात संपला. आमचे संचालक, डॉक्टर विजामारिन (ते डॉक्टर नाहीत, पण इथे टाय लावलेल्या प्रत्येकाला डॉक्टर म्हणतात, मलाही म्हणतात), त्यांनी पान उलगडून नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. म्हणाले, प्लास्टिकातल्या वडीला ही चव नाही. तेव्हा निश्चिंत राहा, पानाला वरपर्यंत ओळख आहे.

आता आमचं काम काय ते नीट समजून घे, म्हणजे चिडणार नाहीस. आम्ही पदार्थ तपासत नाही आणि औषधंही तपासत नाही. आम्ही त्यांची माहिती एका साच्यात बसवतो. म्हणजे इथली गोळी आणि जर्मनीतली गोळी, इथली वडी आणि जपानमधली वडी, हे सगळं संगणकाला एकाच भाषेत वाचता येतं. उद्या कुठे विषबाधा झाली तर एक बटण दाबून माल सापडतो. हे मोठं काम आहे, आत्या. यात मन मानेल ते लिहून चालत नाही.

पूर्वी प्रत्येक यादीच्या शेवटी ‘इतर’ असायचं. लोक आळशी झाले. अर्धा देश ‘इतर’मध्ये गेला, म्हणून आम्ही ते काढून टाकलं. त्याऐवजी आता आमच्याकडे ‘काही नाही’चे बरेच प्रकार आहेत. ‘माहीत नाही’ हा एक. ‘माहीत आहे, पण सांगत नाही’ हा दुसरा. ‘लागू होत नाही’ हा वेगळा, ‘अजून ठरलेलं नाही’ हा त्याहून वेगळा. मला सगळ्यात आवडतो तो ‘विचारलं, पण उत्तर मिळालं नाही’. किती प्रामाणिक आहे बघ. पण वेष्टनाच्या रकान्याला यातलं एकही चालत नाही, कारण वेष्टन नाही असा पदार्थ नसतो, असं समितीचं मत पडलं.

तुझ्यासाठी मी युक्ती काढली आहे. वेष्टन म्हणून ‘पुठ्ठा’ लिही, कारण वड्या शेवटी खोक्यात जातातच. खोका लाकडी आहे हे मला माहीत आहे, लाकूडही यादीत नाही. आणि पान टाक ‘घटक पदार्थ’ या रकान्यात. तिथली यादी लांबलचक आहे, ‘पाने, वाळवलेली’ असं तिथे मिळेल. झालं काम.

तुझा लाडका
लिबार्दो


सांता रीता,
३० मार्च

डॉक्टरसाहेब,

आपल्या युक्तीने आमचं भलं केलं. निरीक्षक येऊन गेला.

मंगळवारी सकाळी, कढया उकळत होत्या तेव्हा, एक गोरागोमटा माणूस डोक्यात जाळीची टोपी घालून आला. हातात चपटा संगणक. म्हणाला, तुमच्या नोंदीत पान हा घटक पदार्थ आहे. म्हटलं, आमच्या भाच्याने सांगितलं म्हणून आहे. मग त्याने विचारलं, एका वडीमागे गिऱ्हाईक किती पान खातं? मी म्हटलं, गिऱ्हाईक पान खात नाही बाबा, सोलतं आणि फेकतं. त्यावर तो म्हणाला, घटक पदार्थ आहे म्हणजे खाल्ला जातो, संगणकात तसं आहे. आणि नमुना तपासताना सगळे घटक तपासायचे असतात.

खरं सांगते लिबार्दो, मी त्याला दोनदा अडवलं. त्याने वडी पानासकट तोंडात घातली. बायकांनी काम थांबवलं. तो चावत राहिला, चावत राहिला, कपाळाची शीर उठली, तरी गिळेना. शेवटी कुस्तोदियाने गुळाचं पाणी दिलं आणि पाठीवर थाप मारली. मग त्याने संगणकात लिहिलं, ‘घटक कठीण, गिळण्यास धोकादायक, मुलांना देऊ नये.’ आता प्रत्येक खोक्यावर तसा इशारा छापायचा आहे. चर्चसमोरच्या दुकानदाराने एक खोका बघितला आणि विचारलं, बेत्साबे, तू उंदराचं औषध विकायला लागलीस का?

गाव अजून हसतंय. मीही हसले, नाही म्हणत नाही. पण रात्री हसू गेलं. निरीक्षक जाताना सरळ म्हणाला होता, प्लास्टिक लावा, सगळे प्रश्न मिटतील. त्याचं चुकलं नाही, माझे प्रश्न मिटतील. भट्टी चालू राहील, वडी विकली जाईल, मी मरणार नाही.

पण मी प्लास्टिक लावलं तर कुस्तोदियाने काय करायचं? तिचं पान घेणारी मी एकटीच आहे. बाकीच्या कारखान्यांनी केव्हाच सोडलं. तुला शाळेतून आल्यावर पानांच्या गाद्यांवर झोपवायची ती, आठवत असेल तर. या एकाच प्रश्नाचं उत्तर दे. बाकी तुझी युक्ती तुझ्यापाशी ठेव.

बेत्साबे


बोगोता,
११ एप्रिल २०१४

आत्या,

माफ कर. निरीक्षकाबद्दल वाचून मलाही हसू आवरलं नाही, पण दोष त्याचा नाही. तो साच्याप्रमाणे वागला. साचा अपुरा होता, इतकंच.

मी नोंदणीला सप्टेंबरपर्यंत मुदतवाढ मिळवली आहे आणि आता मुळावरच घाव घालतो आहे. यादीतच पान आणायचं. नवा शब्द यादीत आणणं म्हणजे खेळ नाही. त्याची व्याख्या लागते, मापं लागतात, तीन देशांची संमती लागते. पण डॉक्टर विजामारिन अनुकूल आहेत. परवा स्वतःहून माझ्या टेबलापाशी आले आणि विचारलं, आत्याकडून काही आलं नाही का.

तर पानांचे नमुने पाठव. चार-पाच चांगली पानं पुरेत. प्रयोगशाळेत जाडी, ओलावा, रंग सगळं मोजू. व्याख्या मोजमापावर उभी राहिली की तिला कोणी हलवू शकत नाही. कुस्तोदियालाही सांग, तिचं पान जागतिक होणार आहे.

इथे सतत पाऊस आणि थंडी. मावशीबाईंच्या खानावळीतलं बटाट्याचं सूप खाऊन कंटाळलो. आपल्याकडच्या भाजलेल्या मुंग्या निघाल्या असतील ना?

लिबार्दो


सांता रीता,
२८ एप्रिल

लिबार्दो,

प्रश्नाचं उत्तर सोडून सगळं लिहिलंस. सुपाचंसुद्धा.

पानं पाठवते आहे. कुस्तोदिया दोन दिवस निवडत बसली. लग्नाला मुलगी निवडावी तसं तिचं चाललं होतं. उतरत्या चंद्राला कापलेली, उकडलेली, दवात आणि उन्हात आलटून पालटून वाळवलेली. एक बाजू तपकिरी, दुसरी पांढुरकी, त्या पांढुरक्या बाजूला वडी लावायची म्हणजे चिकटत नाही. हे सगळं तू सात वर्षांचा असताना तुला येत होतं.

चार पानं उत्तम आहेत. पाचवं तिने मुद्दाम वाईट घातलं आहे. पातळ, निबर, आणि कोपऱ्यावर गोगलगाईने कुरतडलेलं अर्धचंद्रासारखं भोक. म्हणाली, शहाण्या माणसांना चांगलं कळायचं तर वाईट शेजारी ठेवावं लागतं. त्याला लाल दोरा बांधला आहे. ते घ्यायचं नाही, हे तुझ्या प्रयोगशाळेला सांग.

एलिएसेरची बस दरड कोसळल्यामुळे सोकोरोपाशी अडली होती, म्हणून हे उशिरा मिळेल. मुंग्यांची बरणी आहे सोबत. त्या तुझ्या यादीत बसतात का? की त्यांनाही चामड्यात गुंडाळू?

आणि प्रश्न तोच आहे. कुस्तोदियाने काय करायचं, जर नाहीच झालं तर?

बेत्साबे


बोगोता,
१६ जून २०१४

आत्या,

मुंग्या यादीत आहेत. ‘कीटक, खाद्य, भाजलेले’. युरोपातल्या कोणा विद्यापीठाने त्यांत पौष्टिकता शोधली आणि गेल्या वर्षी कोड मिळाला. बरणी समितीने संपवली.

पानाचं मात्र जरा अवघड जातंय. बैठक दिवसभर चालली. पहिली अडचण रंगाची. आमच्या रचनेत रंगाच्या रकान्यात एकच रंग बसतो. पानाला दोन बाजू, दोन रंग. संगणकाने नोंद परत केली, ‘एकाच वस्तूची दोनदा नोंद’ असा शेरा मारून. कोणीतरी सुचवलं की दोन्ही बाजू वेगवेगळ्या वस्तू म्हणून नोंदवाव्यात. मग प्रश्न आला, वडी नक्की कोणत्या वस्तूत गुंडाळली आहे? चिलीची प्रतिनिधी म्हणाली, सरासरी रंग काढा. तपकिरी आणि पांढुरका यांची सरासरी संगणकाने काढली, ती साधारण मांजराच्या रंगाची आली. ती मंजूर झाली.

दुसरी अडचण जाडीची. चार पानांची जाडी वेगवेगळी, आणि एकाच पानाची देठापाशी एक, टोकाशी दुसरी. मी सांगितलं की पान असंच असतं. डॉक्टर विजामारिन पेरूची वडी चघळत म्हणाले, ‘लिबार्दो, जे दर वेळी वेगळं असतं ते माहिती होऊ शकत नाही.’ वडी तुझीच होती, पानातली. पान त्यांनी घडी करून खिशात ठेवलं, वासासाठी.

पण आनंदाची गोष्ट अशी की पाठवलेल्या पानांतलं एक पान मापात जवळपास बसलं. पातळ, सगळीकडे सारखं, ओलावा जवळजवळ शून्य. बाकीची चार बाद झाली. त्या एकावर व्याख्या उभी करतो आहोत. पानं कागदांच्या ढिगात मिसळली होती, दोरे-बिरे सुटले, त्यामुळे ते कोणतं ते कळायला मार्ग नाही, पण कुस्तोदियाचंच आहे एवढं नक्की. तिला सांग.

माझं स्वतःचं सांगायचं तर साहेब माझ्या कामावर खूश आहेत. काहीतरी चांगलं घडेल असं वाटतंय.

लिबार्दो


बोगोता,
२ सप्टेंबर २०१४

आत्या, आत्या, आत्या,

पानाला कोड मिळाला!

उत्तर आलं नाही तरी मी लिहितोच आहे. तू भट्टीवर असशील, हंगाम आहे. पण ही बातमी थांबवता येत नाही. पाच देशांच्या यादीत आता ‘वेष्टन, पान’ आहे. मसुदा माझा, खाली सही माझी. ओढ्याकाठच्या पोराची सही. व्याख्या पाठवतो, चौकटीत लावून ठेव: ‘वेष्टन, पान: पानाच्या आकाराचे सपाट आवरण. जाडी सर्वत्र समान. दोन्ही बाजूंचा रंग एकच. गंधरहित. ओलावा शून्य. पृष्ठभागावर शिरांची रेषाकृती असावी.’

शेवटचं वाक्य मी हट्टाने घातलं. समितीला ते अनावश्यक वाटत होतं. मी म्हटलं, शिरा नसतील तर माझ्या आत्याला ते पान वाटणार नाही.

इतकं काटेकोर माप जमवायला एका खाजगी कंपनीच्या तंत्रज्ञांनी पुष्कळ मदत केली. त्यांची माणसं तुझ्याकडेही येतील. सहकार्य कर. आता तू नोंदणीत बिनधास्त ‘पान’ निवड. लाल अक्षरं येणार नाहीत.

मला बढती मिळाली. पुढच्या आठवड्यात पनामाला जातोय, पानाचा अनुभव इतर देशांना सांगायला. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार. तुझी फार आठवण येते आहे, हे खरं सांगतो. नमुन्यांचं पार्सल उघडलं तेव्हा सगळ्या खोलीत पानांचा वास पसरला आणि मला क्षणभर कुठे आहे तेच कळलं नाही. दिवसभर खिडकी लावून ठेवली होती.

तुझा
लिबार्दो


सांता रीता,
२५ ऑक्टोबर

लिबार्दो,

कंपनीचा माणूस आला. त्याच्याकडे प्लास्टिकचं पान होतं, मोठ्या गुंडाळीत, कापडाच्या ताग्यासारखं. दोन्ही बाजू मांजराच्या रंगाच्या. वास नाही. कोड छापलेला.

व्याख्या वाचून मी परसातल्या झुडपांत जाऊन बघितलं. खाली बसून, चष्मा लावून. सगळीकडे सारखं, दोन्हीकडून सारखं, बिनवासाचं पान मला एकही सापडलं नाही. देवाला जमलेलं नाही, त्या कंपनीला जमलं.

मी सही केली. सप्टेंबर संपत आला होता, कढया थंड करायची पाळी आली होती आणि भट्टीवर सोळा बायका आहेत. तुझ्या यादीत मी आता शंभर टक्के पानात गुंडाळते. खरं पान लावलं तर तो गुन्हा, कारण ते पानाच्या व्याख्येत बसत नाही.

कुस्तोदिया आली होती. गुंडाळीचं टोक धरून खिडकीपाशी नेलं, उजेडात बघितलं. मग बोट ठेवलं. कोपऱ्यावर अर्धचंद्रासारखं भोक, छापलेलं. हातभर पुढे परत तेच भोक. परत हातभर पुढे. तिच्या शिरा, तिची गोगलगाय.

‘हे मी टाकून दिलेलं पान आहे, बेत्साबे,’ ती म्हणाली.

एवढंच. ओढ्यापलीकडचा तुकडा तिने परत केला. घरामागची सगळी झाडं मुळासकट उपटली. मी म्हटलं, थोडी ठेव. म्हणाली, कोणासाठी? आता बुकारामांगाला मुलीकडे गेली आहे, तिथे एका खानावळीत भांडी घासते. बासष्टाव्या वर्षी. तुम्ही लोकांनी तिच्या तोंडाला पानं पुसलीत, तीही प्लास्टिकची.

बढतीबद्दल अभिनंदन. विमानात खिडकीपाशी बसला होतास का?

बेत्साबे


बोगोता,
४ फेब्रुवारी २०१५

आत्या,

तुझ्या पत्राला इतके दिवस उत्तर लिहिता आलं नाही. तीनदा लिहायला बसलो. भोकाचं वाचून मी फाइल काढून बघितली. खरं आहे. मी काय लिहू? मी पान यादीत आणायला निघालो होतो, एवढं तरी मान. नाताळातही आलो नाही, कामाचं निमित्त सांगितलं. निमित्तच होतं ते.

आज मात्र कामासाठीच लिहावं लागतंय, आणि कसं लिहावं ते कळत नाही, म्हणून सरळ लिहितो. एप्रिलमध्ये बोगोताला मानकांची मोठी परिषद आहे, बारा देशांची माणसं येणार. डॉक्टर विजामारिन यांना प्रत्येक पाहुण्याला आपल्याकडच्या वड्यांचा खोका भेट द्यायचा आहे. दोनशे खोके. त्यांनी मला आत बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, ‘आत्याबाईंना सांग, खऱ्या पानातल्या हव्यात. आपल्या त्या कोडवाल्या पानात नकोत, पाहुणे खाणार आहेत.’

मी त्यांना आठवण करून दिली की ते नियमाविरुद्ध आहे. ते म्हणाले, भेटवस्तू विकली जात नाही, त्यामुळे तिला नोंदणी ‘लागू होत नाही’. तसा कोड आहेच.

आत्या, यात एक चांगली बाजू बघ. एवढी ऑर्डर म्हणजे कुस्तोदियाला परत बोलावता येईल. तिला सांग की लिबार्दोने मागवलं आहे. मागणीपत्र संगणकावर पाठवलं आहे, पुरवठादाराने त्यातले रकाने भरून परत पाठवायचे. घाई आहे.

आशीर्वाद मागायची लाज वाटते, तरी मागतो.

लिबार्दो


सांता रीता,
१५ फेब्रुवारी २०१५

लिबार्दो,

आशीर्वाद आहे. तो काही तुमच्या खात्याकडून मंजूर करून आणावा लागत नाही.

तुझ्या साहेबांची मागणी मी भट्टीवर मोठ्याने वाचून दाखवली. हसून हसून एकीच्या हातातला झारा कढईत पडला. मग एकेक जण मान खाली घालून परत कढई ढवळायला लागली.

बुकारामांगाला फोन केला. कुस्तोदियाला सांगितलं की लिबार्दोने खरं पान मागवलं आहे, साहेबांना हवंय. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, पोरगा जेवतो का वेळेवर? मी म्हटलं, जेवतो. म्हणाली, बरं, आणि फोन ठेवला. ती येणार नाही. आली तरी झाडं नाहीत. आज लावली तर पान कापायच्या जोगतं व्हायला वर्ष सहज जाईल. हे तुला ठाऊक होतं. तरी तू ‘घाई आहे’ असं लिहिलंस.

मला तुझा राग येतो आणि कीवही येते. तू वाईट नाहीस. वाईट असतास तर माझं काम सोपं झालं असतं. तू कुणाचंच वाईट केलं नाहीस, फक्त दर वेळी जवळचं निवडलंस.

दोनशे खोके पाठवते आहे, कोडवाल्या पानातले. पाहुण्यांना म्हणावं, ही तुमचीच व्याख्या आहे, चाखून बघा. डॉक्टर विजामारिन यांच्या खिशात ते घडी केलेलं पान असेलच अजून. त्यांनी ते वास घ्यायला पुढे फिरवावं.

तुझं मागणीपत्र भरायला इंटरनेटच्या दुकानात गेले होते. नाव, गाव, खोके, वजन, सगळं भरलं. मग आला रकाना: ‘नैसर्गिक पान उपलब्ध नसल्यास कारण’. खाली यादी उघडली. तू एक वर्षापूर्वी लिहिलं होतंस ते सगळे ‘काही नाही’ ओळीने उभे होते. ‘माहीत नाही’ वाचलं. ते खोटं झालं असतं. ‘लागू होत नाही’ वाचलं, ते तुझ्या साहेबांसाठी सोडलं. मग तुझा तो आवडता दिसला. मार्चमध्ये मी तुला एक प्रश्न विचारला होता, एप्रिलमध्ये परत विचारला होता. कुस्तोदियाने काय करायचं, एवढाच. त्यानंतरच्या तुझ्या चार पत्रांत त्याचं उत्तर कुठेच नाही.

म्हणून मी तोच निवडला. ‘विचारलं, पण उत्तर मिळालं नाही.’

लाल अक्षरं आली नाहीत. तुमच्या संगणकाने माझं उत्तर पहिल्यांदाच एका झटक्यात मान्य केलं.

आत्या